तोंडपाठ हद्द

गडचिरोली जिल्ह्यातल्या एखाद्या गावाच्या सामूहिक वनहक्क दाव्याची फाईल जाडजूड असते. ग्रामसभेचा ठराव, त्यासोबत सह्या-अंगठ्यांचा हजेरीपट, हाताने काढलेला नजरी नकाशा, मिळालीच तर निस्तार पत्रकाची (जंगलवापराच्या जुन्या हक्कनोंदीची) नक्कल, शेजारच्या गावांची पत्रं. या सगळ्या कागदांत एक-दोन पानं वेगळी असतात. गावातल्या एखाद्या सत्तरी-ऐंशीच्या माणसाने सांगितलेलं कुणीतरी भरभर लिहून घेतलेलं असतं. उगवतीला अमुक नाला, तिथून टेकडीच्या धारेने वर, वरच्या सपाटीवर देवाची जागा, मग बोडी (लहान तळं), बोडीच्या पाळीवरून मावळतीला. कोणत्या कुटुंबाचे मोह कुठे, गुरं कुठवर जायची, बाप-आजा कंद खणायला कुठे जायचे, मयताला कुठे नेतात. खाली डाव्या हाताचा अंगठा आणि दोन साक्षीदार.

हे पान सरकारी नकाशाइतकंच कायदेशीर आहे. ज्याला आपण सहज ‘म्हाताऱ्यांच्या गोष्टी’ म्हणून सोडून देतो, त्याला इथे पुराव्याचा मान आहे, आणि त्या मानावर हजारो हेक्टर जंगलाचा हक्क ठरला आहे.

कायद्याचं नाव लांब आहे: अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६. गावात सगळे त्याला वनहक्क कायदाच म्हणतात. १ जानेवारी २००८ रोजी त्याचे नियम आले. त्यातला तेरावा नियम पुराव्यांचा. त्यात गॅझेटियर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, उपग्रहाची छायाचित्रं आहेतच. पण त्यांच्याच पंक्तीला घरं-झोपड्या, शेताचे बांध, जुन्या विहिरी, स्मशानं, देवाची झाडं आणि वंशावळ येऊन बसली आहे. आणि दावा करणारे सोडून इतर ज्येष्ठांनी सांगितलेलं, लिहून घेतलेलं कथन. एका पुराव्यावर भागत नाही, एकाहून अधिक लागतात. २०१२ साली नियमांत दुरुस्ती झाली तेव्हा आणखी स्पष्ट झालं की तपासणाऱ्या समित्यांनी अमुकच प्रकारचा पुरावा आणा असा हट्ट धरायचा नाही.

कायद्याला माणसाच्या आठवणीची ही ओळख नवी नव्हती. १८७२ च्या पुरावा कायद्याचा मुख्य दंडक असा की तोंडी पुरावा ज्याने स्वतः पाहिलं-ऐकलं त्याचाच. ऐकीव गोष्ट चालायची नाही. पण त्याच कायद्यात एक खिडकी उघडी ठेवलेली होती. सार्वजनिक हक्क किंवा रूढी यांबद्दल एखाद्या जाणत्या माणसाने, तंटा उभा राहण्याच्या आधी, काही सांगून ठेवलं असेल आणि तो आता हयात नसेल, तर त्याचं ते सांगणं कोर्टात चालत असे. रूढी ज्यांना ठाऊक असणं स्वाभाविक आहे अशांचं मतही कोर्ट ऐकून घेई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही सोय शिल्लक आहे. ‘तंटा उभा राहण्याच्या आधी’ या अटीत शहाणपण आहे. वाद पेटला की माणसाची आठवण कळत-नकळत आपल्या बाजूला झुकते, हे दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याला पुरतं ठाऊक होतं.

मग आठवण किती भरवशाची, हा प्रश्न टाळता येत नाही. जबाब नाकारणारा अधिकारीही तोच विचारतो.

केंब्रिजमधला मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट याने १९३२ साली ‘रिमेम्बरिंग’ या पुस्तकात आपले प्रयोग मांडले. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवाशांची एक लोककथा तो इंग्रज विद्यार्थ्यांना वाचायला देई आणि काही वेळाने, कधी महिन्यांनी, आठवेल तशी लिहायला सांगे. कथेतली होडी आपल्या ओळखीच्या नावेसारखी होई, न समजलेला भाग गळून जाई, उरलेल्याला विद्यार्थी आपल्या जगात बसेल असं वळण देत. माणूस जुनी गोष्ट जशीच्या तशी काढून देत नाही, दर वेळी ती नव्याने रचतो, असा त्याचा निष्कर्ष. तो आजही टिकून आहे. त्याच्याही आधी, १८८५ मध्ये, हेर्मान एबिंगहाउसने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की निरर्थक अक्षरं पाठ केली तर त्यातली बरीच पहिल्या काही तासांतच निसटतात, उरलेली सावकाश.

पण हे प्रयोग एकट्या माणसाचे, परक्या मजकुरावरचे. बार्टलेटच्या विद्यार्थ्याला ती कथा पुन्हा कधी लागणार नव्हती आणि चुकली तर टोकणारं कुणी नव्हतं. धानोरा किंवा एटापल्ली तालुक्यातल्या गावाची हद्द अशी एकट्याच्या डोक्यात राहत नाही. उन्हाळा चढू लागला की अख्खं घर पहाटे मोह वेचायला निघतं, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाच्या पहिल्या सरींनंतर वास्ते (बांबूचे कोंब) आणि सात्या (अळंबी), त्याखेरीज चारोळी, डिंक, लाख, हिरडा. दर हंगामाला पाय त्याच वाटांवर पडतात. आपल्या मोहाखाली दुसऱ्याची टोपली दिसली की लगेच बोलाचाली होते. हद्द वर्षातून अनेकदा पायांखालून जाते आणि शेजाऱ्याशी ताडून पाहिली जाते. एबिंगहाउसची विस्मरणाची घसरगुंडी अशा ठिकाणी चालत नाही, कारण उजळणी थांबतच नाही.

वनखातं तेच जंगल दुसऱ्या पद्धतीने लक्षात ठेवतं. त्याच्याकडे कक्ष क्रमांक आहेत, बीट आहेत, कूप आहेत, हद्दीवर दगडमातीचे मुनारे आहेत आणि ठरावीक वर्षांची कार्य आयोजना आहे. ही पद्धत वाईट नाही. कुठलाही नवा अधिकारी फाईल उघडून कामाला लागू शकतो, ही तिची ताकद. पण कक्ष क्रमांकाला पाणी कुठे आटतं, अस्वल कुठे बसतं, कोणत्या झाडाची फुलं आधी गळतात, हे ठाऊक नसतं. वनरक्षकाची बदली झाली की तो शिकलेलं सोबत घेऊन जातो. गावातली नावं मात्र सगळी वर्णनं आहेत. गोंडीत टेकडीला ‘मेट्टा’ म्हणतात. मेट्ट्याच्या आधी लागणारा शब्द बहुधा झाड, प्राणी, देव नाहीतर घडलेली गोष्ट सांगतो. नाव उच्चारलं की त्या जागेचा दाखला आपोआप निघतो. ज्येष्ठांकडून हद्द ऐकताना हे जाणवतं: ते दिशा आणि अंतर सांगत नाहीत, मनातल्या मनात चालत जातात. नाला ओलांडल्याशिवाय त्यांना पुढची टेकडी सांगता येत नाही, आणि मधेच अडवून प्रश्न विचारला तर पुष्कळदा पुन्हा मागच्या नाल्यापासून सुरुवात करतात.

वर्षांचं तसं नाही. सन विचारला की माणूस अडखळतो. म्हणून जनगणनेत आणि आरोग्य पाहण्यांत वय ठरवायला स्थानिक घटनांची यादी वापरतात, आणि वनहक्काचे जबाब घेणाऱ्यांनाही तेच करावं लागतं. जमीनदारी गेली ते वर्ष म्हणजे १९५१. चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला तो १९५६. राजुरा तालुका निजामाच्या आदिलाबादमधून नांदेडात आणि तिथून १९५९ मध्ये चांद्यात आला. गडचिरोली वेगळा जिल्हा झाला २६ ऑगस्ट १९८२ रोजी. त्याखेरीज बांबूला सरसकट फूल आलं ते साल असतं. बांबूला आयुष्यात एकदाच फुलोरा येतो, रानच्या रान एकदम फुलतं आणि वाळून जातं. मधे काही दशकं जातात, त्यामुळे ज्याने हे दोनदा पाहिलं तो गावातला वडीलधारा ठरलेलाच.

या हिशेबाला कायद्यात फार मोल आहे. आदिवासी नसलेल्या वननिवाशांना, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीतल्या ढिवर, गोवारी, कुणबी, दलित कुटुंबांना, १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचं वास्तव्य दाखवावं लागतं. पिढी म्हणजे २५ वर्षं, एकूण ७५. म्हणजे मागे जायचं १९३० च्या डिसेंबरात. त्याच वर्षी विदर्भात जंगल सत्याग्रह झाला होता. लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला गवत कापून त्याची सुरुवात केली. तेव्हा सात वर्षांचं असलेलं पोर नियम आले त्या वर्षी पंच्याऐंशीचं झालं होतं. कायद्याने आखलेली रेघ जिवंत आठवणीच्या अगदी शेवटच्या टोकावर पडली आहे. दर वर्षी ती सांगू शकणारी माणसं कमी होतात आणि वाटेवरचे दावे तसतसे लंगडे होत जातात. तीन पिढ्यांची ही अट जाचक आहे, यात शंका नाही. ज्यांच्या गावात शाळा पोचायला साठचं-सत्तरचं दशक उजाडलं, त्यांच्याकडे १९३० चा कागद मागणं न्यायाला धरून नाही. अशा घरांना ज्येष्ठांच्या जबाबाचाच काय तो आधार.

बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी १९४५ साली स्थापन झाली. पुढे अनेक दशकं या जंगलांतला बांबू तिकडे जाऊन त्याचा कागद होत होता, आणि ज्यांनी तो तोडला त्यांच्या घरात आपल्या जागेचा एक कागद नव्हता.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ही कोंडी कशी फोडली ते महाराष्ट्राला बरंचसं ठाऊक आहे. देवाजी तोफा आणि गावकरी, सोबत चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’चे मोहन हिराबाई हिरालाल. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही तिथली घोषणा गाजली. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात हा प्रवास सविस्तर मांडला आहे. आठवणीच्या दृष्टीने मात्र त्या गावाची एक सवय महत्त्वाची वाटते. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यास गट बसतो. एखाद्या विषयाची माहिती असलेले लोक, बाहेरचे जाणकार, गावातले वयस्क एकत्र येऊन बोलत राहतात, निर्णयाची घाई नसते. कुणी म्हणालं की हद्द अमक्या नाल्यापर्यंत, तर दुसरा म्हणतो, ‘तो नाला नाही, त्याच्या अलीकडचा.’ तिसऱ्याला तिथली जुनी शिकार आठवते. बोलता बोलता चूक गाळली जाते. एकट्याच्या आठवणीत बार्टलेटला दिसलेले दोष या बैठकीत पूर्ण जात नसतील, पण उघडे पडतात.

शेजारच्या गावाशी वाद निघाला तर नियमांनी तीच रीत पुढे नेली आहे. दोन गावांच्या पारंपरिक हद्दी एकमेकांत शिरत असतील तर दोन्हीकडच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं असं नियमच सांगतो. आज गडचिरोलीत हजाराहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हक्क मिळाला आणि त्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी रानाला आग लावतात आणि झाडं छाटतात. हंगामातली हमखास कमाई सोडायला हिंमत लागते.

कागद पक्का आणि तोंडचं कच्चं, हा समज चांद्याच्याच इतिहासात तपासून पाहण्यासारखा आहे. चांद्याच्या गोंड राजांची पहिली सलग यादी ज्या सरकारी अहवालात मिळते, तो मेजर लुसी स्मिथ याचा १८६९ चा जमाबंदी अहवाल. त्यातला राजवंश आला कुठून? पुष्कळसा लोकांनी सांगितलेल्या परंपरेतूनच. खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावरचे फोड झरपटीच्या काठच्या कुंडातल्या पाण्याने बरे झाले, मग सशाने कुत्र्याचा पाठलाग केल्याचं नवल त्याने पाहिलं आणि तिथे शहर वसवलं, ही चंद्रपूरच्या प्रत्येक पोराला माहीत असलेली गोष्ट पुढे सरकारी गॅझेटियरमध्येही दिसते. म्हणजे वनहक्काच्या नियमात ‘शासकीय दस्तऐवज’ म्हणून जे गॅझेटियर पहिल्या ओळीत आहे, तेही एके काळी कुणा वडीलधाऱ्याचं सांगणंच होतं. एका इंग्रज अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं एवढाच फरक.

त्या यादीत आठवणीचं बळ दिसतं तसा तिचा कमकुवतपणाही. राजांची नावं आणि क्रम टिकले, सनावळी विस्कटली. स्मिथच्या हिशेबाने पहिला राजा भीम बल्लाळसिंग नवव्या शतकात जातो, आणि नंतरच्या अभ्यासकांना हा काळ फार मागे नेलेला वाटतो. आफ्रिकेतल्या मौखिक परंपरांचा अभ्यास करणाऱ्या यान व्हान्सिना या इतिहासकाराने हेच इतर समाजांत पाहिलं. अगदी अलीकडच्या दोन-तीन पिढ्यांबद्दल लोक भरभरून सांगतात, उत्पत्तीबद्दलही सांगतात, मधला काळ मात्र आक्रसून जातो आणि ही मधली दरी पिढीगणिक पुढे सरकत राहते. वनहक्काला लागणारी ७५ वर्षं बरीचशी त्या पहिल्या, भरघोस भागात मोडतात. हजार वर्षांच्या राजावळीसाठी आठवण तोकडी पडेल. पण आज्याची गुरं कुठे चरत होती याला तिच्याइतका चांगला साक्षीदार नाही.

आठवण जपणारे खास लोकही इथे आहेत. परधान हे गोंडांचे परंपरागत भाट. आपल्या यजमान कुळांच्या उत्पत्तीच्या कथा आणि वंश ते तंतुवाद्याच्या साथीने गातात. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादमध्ये क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात ही परंपरा बारकाईने नोंदवली. गोंडांत चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशी कुळांची वाटणी असते आणि सोयरीक आपल्या गटाबाहेरच करायची असते. त्यामुळे आपलं कूळ आणि आपले देव लहान पोरालाही पाठ असतात. त्यात चूक झाली तर लग्नच चुकतं.

भामरागडच्या बाजूला गेलं की रस्त्याच्या कडेला, गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत उभे दगड दिसतात. माडिया गोंडांच्या मृतांचे ते दगड. काही गुडघ्याएवढे, काही माणसाच्या उंचीला येणारे. टाकीचा घाव नसलेले, नदीनाल्यातून किंवा टेकडीवरून जसे मिळाले तसे आणलेले. एका घराण्याचे दगड जवळजवळ उभे असतात. जुने कलंडलेले, शेवाळलेले, नवे ताठ. त्यांवर काही कोरलेलं नसतं, नाव नाही, तारीख नाही. कोणता दगड कुणाचा हे गावालाच माहीत. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातल्या हिरापूरला मोठमोठ्या शिळा उभ्या-आडव्या रचून केलेली महापाषाणयुगीन स्मारकं आहेत. ती कुणाची हे सांगणारं आज कुणी नाही. भामरागडमध्ये सांगणारे आहेत. चंद्रपूर शहरात राणी हिराईने बीरशहासाठी बांधलेली घडीव दगडाची समाधी अचलेश्वर मंदिराजवळ उभी आहे आणि पुरातत्त्व खातं तिची निगा राखतं. माडियांच्या दगडांची निगा गाव राखतं. तेराव्या नियमात स्मशानं पुरावा म्हणून धरली आहेत, त्यामुळे या अनामिक दगडांनाही कायद्यात वजन आलं आहे. अट एकच, त्यांची ओळख सांगणारा माणूस शेजारी उभा हवा.

एकच घटना कागदाने आणि लोकांनी वेगवेगळी लक्षात ठेवली, याचं इथलं सर्वांत ठळक उदाहरण बाबुराव शेडमाके यांचं. मोलमपल्लीचे हे तरुण जमीनदार. १८५८ च्या मार्चमध्ये त्यांनी राजगड परगणा घेतला, अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेकाठी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला झाला, त्यात गार्टलंड आणि हॉल हे दोन इंग्रज मारले गेले. चांद्याचा अधिकारी क्रिक्टन हात धुऊन मागे लागला. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या मदतीने बाबुराव सप्टेंबरात पकडले गेले आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. मध्य प्रांताच्या १८७० च्या गॅझेटियरमध्ये हा सगळा प्रसंग आहे, पण तिथे बाबुराव परगणा लुटणारे एक छोटे जमीनदार आहेत. पुढच्या शंभर वर्षांत ज्यांनी केवळ छापील वाचलं त्यांच्या लेखी ते तेवढेच उरले.

गोंडांनी मात्र त्यांना वीर म्हणून सांभाळलं. त्यांच्या ‘जंगोम दला’चं नाव, पकडून देण्याची हकिगत, फाशीच्या वेळचे चमत्कार, सगळं तोंडोतोंडी चालत राहिलं. चंद्रपूर कारागृहाच्या आवारातला पिंपळ ही त्या फाशीची जागा म्हणून लोकांनी ओळखीची ठेवली. आज दर २१ ऑक्टोबरला तिथे माणसं लोटतात. त्यांच्या सन्मानार्थ भारतीय टपाल खात्याने तिकीट काढलं, चौकाचौकांत पुतळे झाले. चमत्काराच्या गोष्टी इतिहासकार बाजूला ठेवेल, ठेवायलाच हव्यात. पण या उठावाचा मूळ अर्थ लोकांच्या तोंडी टिकला म्हणूनच पुढे कुणाला दप्तरं नव्या नजरेने वाचावीशी वाटली.

गडचिरोलीत तोंडी आठवणीला पुरावा मानायचं आणखी एक काम झालं, आणि ते वैद्यकशास्त्रात. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने इथल्या खेड्यांत बालमृत्यूंचा अभ्यास सुरू केला तेव्हा पहिली अडचण ही की पोरं घरीच दगावत, दवाखान्याचा दाखला नाही, मग कारण कसं कळणार? उपाय होता आईला विचारणं. श्वास जलद होता का, छाती आत ओढत होती का, दूध ओढणं कधी थांबलं, अंग गार पडलं होतं का. या पद्धतीला मौखिक शवचिकित्सा म्हणतात. कोणत्या लक्षणांवरून कोणतं कारण ठरवायचं याचे बंग दांपत्याने सुचवलेले निकष १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात छापून आले. अशा नोंदींतून न्युमोनिया आणि नवजात बाळांचे मृत्यू किती, हे दिसलं. गावातल्याच बायांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्रयोगाच्या ३९ गावांत नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी उतरला होता. जगभरातल्या धोरणांवर परिणाम करणाऱ्या या कामाच्या मुळाशी गमावलेल्या लेकराचे शेवटचे दिवस पुन्हा आठवून सांगणाऱ्या आया आहेत.

तोंडी इतिहासाला न्यायालयात जागा मिळवण्यासाठी कॅनडातल्या गिटक्सान आणि वेट्सुवेटेन लोकांना मोठी लढाई लढावी लागली. ‘डेल्गामूक’ नावाने गाजलेल्या खटल्यात त्यांच्या ज्येष्ठांनी ब्रिटिश कोलंबियातल्या आपल्या भूमीचा पुरावा म्हणून घराण्यांच्या कथा सांगितल्या, एका वृद्धेने तर साक्षीत गाणं म्हटलं. खालच्या न्यायाधीशांनी १९९१ मध्ये त्याला फारसं महत्त्व दिलं नाही. डिसेंबर १९९७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि मौखिक इतिहासाला लेखी दस्तऐवजांच्या बरोबरीने तोलायला सांगितलं. भारताने नियमांतच ती तरतूद सुरुवातीपासून घातली, ही अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे.

मात्र नियमात तरतूद असणं वेगळं आणि जबाब नीट घेतला जाणं वेगळं. बहुतेक जबाब मराठीत लिहिले जातात. सांगणारा गोंडीत किंवा माडियात सांगतो, मधला कुणी शिकलेला पोरगा उल्था करतो, आणि जागेची नावं ओळखू येणार नाहीत अशी कागदावर उतरतात. दोन वर्षांनी मोजणीला आलेला माणूस ते नाव घेऊन गावात विचारतो, तर कुणालाच कळत नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे २९ लाख ८४ हजार होते, तरी ती आठव्या अनुसूचीत नाही आणि इथल्या सरकारी शाळांत मुलांचा पहिला धडा तिच्यात होत नाही. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा स्वतः सुरू केली, तिची निकड अशा वेळी कळते. नालेटेकड्यांची नावं पोरांच्या कानावर पडली नाहीत तर पुढच्या पिढीच्या ज्येष्ठांना हद्द सांगताच यायची नाही.

दुसरी उणीव बायकांच्या जबाबांची. सामूहिक हक्कासाठी नियम ज्या जागांचा पुरावा मागतो त्यांत कंदमुळं, चारा, रानफळं, पाणी हे सगळं आहे. म्हणजे बहुतांशी बायकांच्या रोजच्या वाटा. राणी बंग यांचं ‘गोईण’ हे पुस्तक गडचिरोलीच्या बायकांनी झाडांबद्दल सांगितलेल्या माहितीतून उभं राहिलं आहे. कोणत्या झाडाचा पाला कधी खायचा, कोणती साल बाळंतिणीला, कुठलं झाड तोडायचं नाही, याचं इतकं तपशीलवार ज्ञान पुरुषांच्या बैठकीत निघत नाही. तरी दाव्याच्या फायलीत ज्येष्ठ म्हणून बोलणारे बहुधा बाप्येच असतात. नियमात ‘ज्येष्ठ’ हा शब्द आहे, पुरुष असा नाही.

यापुढचं काम आणखी अवघड आहे. महाराष्ट्रातल्या विशेष दुर्बल आदिवासी गटांत कातकरी आणि कोलाम यांच्यासोबत माडिया गोंड येतात, आणि अशा गटांना कायदा एका गावापुरता नव्हे तर त्यांच्या सबंध अधिवासाचा हक्क देतो. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातल्या बैगांना तो मिळाला आहे. भामरागडच्या माडियांची मागणी त्याच हक्काची आहे. इथे हद्द एका शिवाराची नाही. अनेक गावांच्या इलाक्याची ती हद्द. कोणत्या कुळाचा देव कुठे बसतो, जत्रेला कोणती गावं येतात, सोयरिकीचा पट्टा कुठवर जातो, कोणता पेरमा कोणत्या भूमीची पूजा करतो, यांवरून ती ठरते. याचा सरकारी नकाशा निघालेला नाही. तो करायचा तर गावोगावच्या पेरमा, गायता, भूमिया अशा पुजारी-प्रमुखांना आणि जाणत्या बायांना एकत्र बसवून, माडियात, त्यांच्याच आवाजात बोलणं ध्वनिमुद्रित करून, मग त्यांच्यासोबत त्या जागा चालत जाऊन करावा लागेल. पावसाळ्यात पर्लकोटा नदी चढली की भामरागडचा रस्ता बंद होतो. म्हणजे कामाला भातकापणी उरकल्यापासून मोह गळायला लागेपर्यंतचे महिने मिळतात.